छपरावरची लाल फुली

दारूगोळ्याच्या कोठाराच्या छपरावर पेंटरने दवाखान्यावर असते तशी भलीमोठी लाल फुली रंगवली. "आता शत्रूची विमानं इकडे ढुंकूनही बघणार नाहीत," असं म्हणत मेजरसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. कोठारावर पहाऱ्याला पेंटरचा धाकटा भाऊच होता, त्यामुळे त्याचाही जीव भांड्यात पडला.

पण शत्रूला सुगावा लागला आणि कोठार उडालं. जखमी भावाला गावातल्या दवाखान्यात हलवलं. पेंटर धावत आला तो भावाला न भेटताच करड्या रंगाची बादली घेऊन थेट दवाखान्याच्या छपरावर चढला.

खालून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो, फुली कशाला पुसताय? तीच तर आम्हाला वाचवते!"



"आता नाही वाचवणार, बाई. मी तिला खोटं बोलायला लावलंय."