अळणी पाहुणा

"आज मीठ चालेल," असं एलिसेओने दारात बूट काढता काढताच सांगितलं, आणि श्रीधरला ते मुळीच आवडलं नाही.

गेले काही शुक्रवार हा माणूस त्यांच्या जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या घरी जेवायला येत होता आणि मिठाला शिवत नव्हता. ऊर्मिला त्याच्यासाठी वेगळं अळणी वरण काढायची आणि मक्याची भाकरी थापायची. भाकरी तो फार मायेने खायचा. पण मीठ का नको असं विचारलं, की नुसतं "सध्या नको" म्हणायचा. "तुझ्या मिठाला जागायचं नसेल त्याला," असं ऊर्मिला एकदा नवऱ्याला गमतीत म्हणाली होती. ती बोलून विसरली. श्रीधर कसला विसरतोय!

दोघे एकाच टीममधले इंजिनियर. दोघांची कंत्राटं मुदतीची आणि कायमची जागा एकच. त्यात एलिसेओ जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायचा. एलिसेओ मेक्सिकोचा, आणि श्रीधर तिथल्याच एका प्लांटवर राहून आला होता, कामापुरतं स्पॅनिश त्याला येत होतं. हे स्पॅनिश नव्हतं. आपल्याला कळू नये म्हणूनच हा दुसऱ्या भाषेत बोलतो, असं त्याने ठरवून टाकलं. आणि परवा त्या बोलण्यात त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

म्हणून आज दुपारी टीमलीडरने एलिसेओबद्दल सहज विचारलं, तेव्हा श्रीधर म्हणाला की कामाला चांगला आहे, पण मोकळा नाही; विश्वास टाकावा की नाही, सांगता येत नाही. टीमलीडर "गेनाऊ", म्हणजे 'बरोबर', एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

आणि आता याला मीठ चालतंय. कळलं की काय याला? पोटात शिरून काढून घ्यायला आलाय?

ऊर्मिलाने ताटं वाढली, मिठाची वाटी मधे ठेवली आणि शेवटी न राहवून विचारलंच. एलिसेओ जरा लाजला. मग अर्ध्या जर्मनमध्ये, अर्ध्या इंग्रजीत सांगू लागला. त्याचं गाव मेक्सिकोतल्या नायारितच्या डोंगरांत. बाहेरचे त्यांना कोरा म्हणतात, ते स्वतःला नायेरी म्हणतात. पेरणीआधी तिथे रात्रभर गाणं आणि नाच चालतो, आणि त्याआधी घरातली माणसं मीठ सोडतात. आई म्हणाली, तू कुठेही अस, घरातलाच आहेस. काल तो नाच पार पडला.

"म्हणजे आईंच्या सोमवारांसारखंच की," ऊर्मिला श्रीधरला म्हणाली. श्रीधरची आई जन्मभर अळणी सोमवार करत आली होती. त्याच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

आधी का नाही सांगितलंस, असं ऊर्मिलाने विचारलं. कॉलेजात एकदा सांगितलं होतं, एलिसेओ म्हणाला. सगळे हसले होते. उपासालाही आणि भाषेलाही.

श्रीधरने अजून घास घेतला नव्हता. "फोनवर तू माझं नाव घेत होतास," तो म्हणाला.

"हो, आईला शिकवत होतो. तिला आमचीच भाषा येते, तुझं नाव काही तिच्या जिभेवर बसेना."

"माझं नाव तिला कशाला?"

"काल देवांपुढे घ्यायचं होतं. परमुलखात तिच्या मुलाला जेवू घालणारं घर म्हणून." एलिसेओने वाटीतून चिमूटभर मीठ उचललं. "उपास कुठे सोडणार, असंही तिने विचारलं. म्हटलं, श्रीधरकडे."

त्याने मीठ जिभेवर ठेवलं आणि क्षणभर डोळे मिटले. ऊर्मिलाने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं. श्रीधरला आपली मान वर करता येईना.

भाकरी मोडता मोडता एलिसेओला काहीतरी आठवलं.

"सोमवारी सकाळी टीमलीडरने एकट्याला भेटायला बोलावलंय. काय असेल, तुला काही माहीत आहे?"

"नाही," श्रीधर म्हणाला, आणि मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली.