नमुना तीन

"आधी ते काढा," हिमानी म्हणाली.

एकनाथ तामोरेने करंगळीने उजव्या कानातला बोळा ओढला. मग डाव्या. मशीन पुसायच्या चिंध्यांचे बोळे. तेलाने काळे, टोकाला पिवळे. ते ठेवायला त्याने तिच्या टेबलाकडे हात नेला.

"इथे नको! कचऱ्यात टाका."

बोळे डब्यात पडले. हिमानीने डबा पायाने जरा दूर ढकलला. तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला.

सोमवारी सुरक्षा सप्ताह सुरू होणार होता. प्रत्येक कामगाराला एक भेट. गेल्या वर्षी छत्र्या वाटल्या होत्या आणि खिळे खात्यातल्या कामगारांनी त्या कंपनीच्या गेटवर उलट्या टांगल्या होत्या. सगळ्या तारापूरने येता-जाता पाहिल्या. छत्र्या खरेदी विभागाच्या हिमानी सावेने निवडल्या होत्या.

या वेळी हसं होऊ द्यायचं नव्हतं. बोईसर स्टेशनजवळची दुकानं पालथी घालून तिने स्वस्तातले तीन इअरफोन आणले होते. पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखला होता. नामंजूर मागण्या फाईलमधून काढून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं, हा कंपनीचा नियम.

स्टोअरचं दार बंद होतं. पलीकडे मशीनांतून खिळे पडत होते. टेबलावरचा स्टेपलर हादऱ्यांनी आपोआप सरकत कडेला येत होता.

*नमुना एक.*
*आवाज:* चिरका. बाई पत्र्याच्या डब्यात बसून गातेय.
*कामगाराचं मत:* "बरा हाय."

"बरा म्हणजे काय, काका?"

"म्हंजे बरा."

तिने इअरफोनची बोंडं पुसली. कापूस तपकिरी झाला. दुसरा कापूस.

*नमुना दोन.*
*आवाज:* गळा पुढे, पेटी बाजूला, तबला मागे. कुणी कुणाला दाबत नाही.

हा तिचा आवडता होता. पालघरला घरी दोन संध्याकाळी तिने तो ऐकला होता. या किमतीत असा आवाज मिळतो यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

खिळे तोलून पुड्यांत भरणाऱ्या पारूलाही तिने बोलावलं होतं. पारू ओरडून बोलत होती. त्या खात्यातले सगळेच ओरडून बोलतात.

"उजव्याच कानात वाजतंय, मॅडम!"

हिमानीने तक्त्यात लिहिलं: डावी बाजू नादुरुस्त. मग बोंडांची अदलाबदल केली. "आता?"

"तोच कान! उजवा!"

हिमानीने दोन्ही बोंडं पुसली, पुन्हा पुसली, श्वास रोखला आणि स्वतःच्या कानांत घातली. दोन्ही बाजू सुरेख वाजत होत्या. तिने ओळ खोडली. जाळीत पारूच्या कानाचा मळ राहिला होता. तो नखाने काढावा लागला. मग ते नख ती बराच वेळ रुमालाला घासत राहिली.

*नमुना तीन.*
*आवाज:* चिखल. नुसती घूं घूं, गाणं त्यात बुडालेलं. बोंडाला जाडजूड मऊ रबर.

हा तिने उगाच आणला होता. तीन नमुने हवेत म्हणून.

"तिन्ही जरा मशीनवर घालून बगू?" एकनाथने विचारलं.

"बघा ना. खरी परीक्षा तिथेच."

दाराच्या काचेतून ती पाहत राहिली. एक नंबर घातला, मान हलवली, काढला. दोन नंबर. तोही काढला. हिमानीला राग आला. या लोकांना चांगलं काही द्यायचंच कशाला?

तिसरा त्याने कानांत घातला आणि तो थांबला.

त्याचे खांदे खाली आले. तेवढ्याने माणूस वेगळाच दिसला. मशीन तारेचे तुकडे तोडत होतं, खिळ्यांची डोकी ठोकत होतं, आणि एकनाथ त्या मशीनजवळ देवळात उभा असावा तसा उभा होता. कोणतं गाणं एवढं आवडलं असेल? ते बघायला हिमानीने गाणी लावलेला आपला फोन शोधला.

फोन तिच्यासमोर टेबलावर होता. गाणं बंद होतं. वायरीचं टोक एकनाथच्या पोटाशी लोंबकळत होतं.

तो आत आला. त्याच्याबरोबर आवाजही आला, दार लागेपर्यंत.

"हाच. तीन नंबर."

"काका, त्यात गाणं घुसमटतं."

"गाणं नाय लागत, मॅडम. ह्याचं रबर गच्च बसतं." तो जरा घुटमळला. "येक इचारू? वायर कापून दिलीत तर चालंल? मशीनीत गुतायची."

पारू फिदीफिदी हसली. "कापा, मॅडम! आदी छत्री दिली, आता बिनवायरीचा गाना द्या!"

 सवयीने हिमानीने तक्ता पुढे सरकवला. "इथे सही करा."

एकनाथने कागद उचलला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा करून टेबलावर ठेवला.

"परत कशाला? पाठच्या बाजूला माजी सही हाय."

मग तो वाकला. कचऱ्याच्या डब्यातले दोन्ही बोळे त्याने उचलले, मांडीवर झटकले, एक-एक करून कानांत कोंबले आणि पारूला घेऊन पाळीवर गेला.

हिमानीने कागद उलटला.

*मागणी. खिळे खातं. कानात घालायचे प्लग, सर्व कामगारांसाठी.* खाली सह्या. पहिली एकनाथ तामोरेची. तारीख गेल्या वर्षीची, छत्र्यांच्या महिन्यातली. शेवटी लाल शाईत शेरा: *तूर्त आवश्यकता नाही.*

शेऱ्याखालची सही तिची होती. अगदी स्पष्ट.