वरच्या बाजूचा जोड

“पास!” मेहुणा म्हणाला आणि गाडीच्या तपासणीचा कागद त्याने पान्यांच्या गर्दीत ठेवला. “साहेबांनी आरसा घालून खालून सगळं पाहिलं, दाजी. दोनदा पाहिलं. काही सापडलं नाही.”

मिस्त्री चिंधीला हात पुसत हसला. सापडणार कसं?

मेहुण्याच्या डिझेल व्हॅनचा फिल्टर तुंबला होता. धुरातली काजळी अडवणारा तो डबा, पोटात बारीक जाळी असलेला. चढ लागला की गाडी धापा टाकायची. नवा फिल्टर म्हणजे निम्मी गाडी विकत घेतल्यासारखं. मग मिस्त्रीने डबा काढून कापला, आतली जाळी फोडून पाडली, रिकामा डबा पुन्हा वेल्डिंगने जोडला आणि जागच्या जागी बसवला. गाडीच्या कॉम्प्युटरलाही फिल्टर ठणठणीत असल्याचं पटवून दिलं. काम बेकायदा. बाकीचे मिस्त्री डबा खालून कापायचे आणि ताज्या जोडावरून पकडले जायचे. हा वरून कापायचा. वरची बाजू गाडीच्या तळाला चिकटून असते, तिथे कुणाचा आरसा पोचत नाही. या युक्तीचा त्याला भलताच अभिमान होता आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती.

“मी केलेला जोड मलासुद्धा सापडायचा नाही,” तो म्हणाला. “बस. चहा घे.”

बाहेर व्हॅन फटफटत उभी होती. आवाज आधीपेक्षा थोडा मोठा येत होता. जाळी गेल्यावर तेवढं व्हायचंच.

“बंद कर की ती.”

“राहू दे. थंडीत एकदा बंद केली की पुन्हा चालू व्हायला नखरे करते.” मेहुण्याने चहाचा घोट घेतला आणि कपाळ चोळलं. “डोकं ठणकतंय सकाळपासून. आठवडा झाला, रोजचंच आहे. ताई म्हणते, डोळे तपासून घे.”

“घे तपासून. तुला समोरून बैल आला तरी दिसत नाही.”

मेहुणा हसला. “पण गाडी पळते हं आता. आणि आमच्या छकीला तर फारच मानवलीय. आधी शाळेतून घरी येईपर्यंत बडबडून कान किटवायची. आता बसली की पाच मिनिटांत गाढ. काल तर उचलूनच घरात न्यावी लागली. ओकली, जेवली नाही, परत झोपली. फार दमवतात हो शाळेत पोरांना.”

मिस्त्रीच्या हातातली चिंधी थांबली.

“बसते कुठे ती?”

“मधल्या बाकावर. तिच्यासाठीच तर बसवलाय.”

मधला बाक बरोबर त्या डब्याच्या वर येत होता. गिऱ्हाइकाचं काम असलं की मिस्त्री जोड झाल्यावर डब्याची दोन्ही तोंडं बंद करायचा, आत हवा भरायचा, जोडावर साबणाचं पाणी सोडायचा आणि बुडबुडा येतो का ते चष्मा लावून बघायचा. गिऱ्हाईक उद्या भांडायला येईल, त्याचा नेम नाही. मेहुण्याच्या वेळी त्याने साबणाचं पाणी केलंच नव्हतं. घरचंच काम, घरचा माणूस कुठे भांडायला येतोय. डबा बसवताना गाडीच्या तळातलं एक रबरी बूच जळून गळून पडलेलं त्याला दिसलं होतं. अंगठ्याएवढं भोक. तेही नंतर लावू म्हणून राहिलं. जोड खालच्या बाजूला असता तर गळलेला धूर रस्त्यावर गेला असता. वरच्या जोडातून गळलेला धूर वरच जाणार होता, त्या भोकातून आत.

“आता कुठे आहे छकी?”

“कुठे म्हणजे? गाडीत. शाळेतून परस्पर घेऊन आलो. झोपलीय, म्हणूनच तर गाडी चालू ठेवली. हीटर नको का तिला? बाहेर केवढा गारठा आहे. काचासुद्धा लावून घेतल्यात सगळ्या.”

मिस्त्री उठला तसा ओट्यावरचा चहा सांडला. तो धावला. पन्नाशीचा, गुडघ्याने अधू माणूस कसा धावेल तसा, कशाला तरी अडखळत, धरत. व्हॅनचं सरकतं दार त्याने दोन्ही हातांनी ओढलं. आतून ऊब आली आणि उबेबरोबर तो वास, जो तीस वर्षं त्याच्या स्वतःच्या कपड्यांना होता आणि ज्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

छकी दप्तर उशाला घेऊन बाकावर निजली होती. गाल छान लाल झाले होते. कुणीही म्हणावं, पोरीची तब्येत किती सुधारली.

त्याने तिला उचललं आणि बाहेर आणलं, व्हॅनपासून लांब, मोकळ्यावर, गार फरशीवर. “छके,” तो म्हणाला. “ए छके, आतोबा आलाय बघ.” तिचा हात उचलला, तो सोडताच पडला. त्याने तिला खांद्यांना धरून हलवलं. मान मागे गेली. त्याने तिच्या गालावर चापट मारली, मग दुसऱ्या गालावर, जोरात. एवढ्याशा पोरीला त्याने आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि तो मारत होता.

मेहुणा चहाचा कप हातात घेऊन गॅरेजच्या दारात आला होता.

“अहो दाजी, हळू,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “जागी होईल ना ती.”