तिसरी अट

मेघाने आणलेली पपई ओट्यावर ठेवत कोकिळाकाकूंनी तिला आधीच सावध केलं.

"हे काई बोलतीन तं वाईट वाटून घेऊ नको, बाई. लकव्याचा झटका आला तवापासून एकच शब्द उरला हाय त्यायच्यापाशी. मंग. पानी पाह्यजे तरी मंग, पंखा बंद कर तरी मंग."

भोयर सर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. संगणक वाक्य कसं फोडतो, हे शिकवताना याच हाताने ते फळा भरून टाकत. मेघाला पाहून ते ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले. तब्येतीचं विचारायचं तर उत्तर समोरच दिसत होतं.

सरांनीच डाव्या हाताने तिच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बोट केलं.

"मंग?"

"काम होय न सर. तेच तुमचं, ग्रामरचं."

मग ती सांगत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठरावीक साच्यातल्या वाक्यांत रुग्णांच्या नोंदींना प्रश्न विचारायचे, अशी एक छोटी भाषा होती. तिचं व्याकरण कोणीतरी चांगलं लिहून ठेवलेलं. पण ते वाचून पार्सर, म्हणजे वाक्य फोडणारा प्रोग्रॅम, बनवणारं जुनं साधन बंद पडलं होतं आणि नव्या साधनाला तेच व्याकरण पचत नव्हतं. तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नियम असा होता: 'अटी' म्हणजे आधीच्या 'अटी', मग 'आणि', मग एक अट, जसं 'मधुमेह आहे'.

"जुनं साधन हे चालवून घेत होतं, सर. नवं डावीकडून वाचत जाते. अटी म्हंजे काय, तं पह्यले अटी शोध. त्या अटी म्हंजे काय, तं पुन्हा अटी. फिरूनच राह्यते." तिने कपाळाला हात लावला. "मी तो फेरा तोडून पाह्यला. आता दोन अटी चालतात. तिसरी टाकली का बंद. आठवडाभर अडकून हाय मी."

सर स्क्रीनकडे टक लावून पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग."

"मंग काय, सोमवारी द्याचं हाय न."

त्यांनी जोरात मान हलवली. "मंग!"

"अहो, पोरगी भेटाले आली, तिच्यावर काऊन चिडता?" काकू दारातून म्हणाल्या. "तू मनावर घेऊ नको, मेघा."

सरांनी डोळे मिटले. त्यांचा श्वास जोरात चालू होता. मग त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं, तिला नीट दिसेल असं, आणि ते चादरीवर टेकवलं. थोडी जागा सोडून पुन्हा टेकवलं. "मंग." आणखी थोडं पुढे. "मंग." पलंगाच्या कडेपर्यंत बोट जात राहिलं. "मंग. मंग."

मेघा त्या बोटाकडे पाहत होती. एकाएकी ती पुढे सरकली.

"पह्यले एकच अट. सुटी," ती हळूच म्हणाली. "मंग 'आणि' अन् एक अट, हे जोडपं. जितक्यांदा येईन तितक्यांदा."

सरांचं बोट थांबलं.

तिने नियम नव्याने लिहिला. सगळा मिळून एका ओळीत बसला. मग प्रश्न टाकला: मधुमेह आहे, आणि वय साठच्या वर, आणि तालुका सेलू. उत्तर आलं. चौथी अट जोडली, पाचवी जोडली. तेही चाललं. ती उठायला लागली, तर सरांनी पुन्हा एक बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं.

"हो, हो, सर. एकटी अट टाकून पाह्यलीच नाई."

तिने ती टाकली. चालली. तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.

मेघाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. डोळे भरून आले होते, म्हणून वर यायला तिने जरा वेळ लावला.

काकू पपईच्या फोडी घेऊन मघापासून दारातच उभ्या होत्या.

"तुले समजलं, ते काय म्हनले ते?"

"हो, काकू. सारं समजलं. बरोबरच होतं त्यायचं."

काकूंनी बशी खाली ठेवली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अन् मी इतके दिवस त्यायच्याशी लहान लेकरावानी बोलून राह्यली."

त्यांनी पदराने हात पुसले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून पलंगाला खेटून ठेवलं आणि बसल्या.

"आनखी काई अडलं असन तं विचार न, बाई," त्या म्हणाल्या. "मले आयकू दे."