पट्टी तुटेस्तोवर

चितेगावच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये अपेक्षानं काळ्या रबराच्या तुकड्यावर कडकपणा मोजायचा मीटर टेकवला, तर त्याचा काटा एका जागी थांबेना. बारीक उड्या मारत राहिला.

“तुझा हात हलत असंल,” शेजारच्या यंत्रावरून राजेंद्रकाका म्हणाले.

तिनं मीटर स्टँडला लावून हात मागं घेतला. काटा उडतच होता. रबर काढून लोखंडी ठोकळा ठेवला, तर निमूट थांबला. पुन्हा रबर ठेवलं, पुन्हा उड्या.

ठेका ओळखीचा वाटला. तिनं डाव्या मनगटावर बोट ठेवलं. नाडी आणि काटा बरोबरीनं उडत होते.

“काका, ह्या रबराची पट्टी ओढू नका.”

“सुरू झालंय. मधी थांबवलं तर नमुना वाया जाईल.”

कापलेली पट्टी काकांनी केव्हाच यंत्राच्या जबड्यात अडकवली होती. तुटेस्तोवर ओढायची, हीच तिची तपासणी.

पट्टी लांबत गेली, बारीक होत गेली. काटा उशिरा उशिरा उडायला लागला. बोटाखालची नाडीसुद्धा.

काका यंत्रावरच्या आकड्यांकडं बघत म्हणाले, “लई चिवट हाय. पण तुटंल आता.”