उजवा कौल

उजवीकडचं फूल पडलं.

गुरवाने मागे घेतलेला हात तसाच हवेत राहिला. वाघजाईच्या शेंदरी दगडावर डाव्या अंगाला लावलेलं तगरीचं दुसरं फूल ओलं, घट्ट चिकटलेलं होतं. डावं पडलं तर नाही, उजवं पडलं तर हो. हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. तरीही देवराईत जमलेल्या साऱ्या गावाने माना पुढे काढून पुन्हा एकदा पाहिलं.

"वाऱ्यानं पडलं काय?" कुणीतरी विचारलं.

"वारं कुटं हाय?" गुरव म्हणाला. "पान तरी हलतंय का बघ."

कोंडाजींना घाम फुटला. देवराईच्या राखण समितीचे ते अध्यक्ष. रिसॉर्टच्या रस्त्यासाठी राईतली झाडं तोडू द्यायची की नाही, यावर काल ग्रामसभेत हात वर करून मतं घ्यायची होती. बहुतेक गाव नाही म्हणणार, हे दिसतच होतं. पण त्यांचा सख्खा पुतण्या निरंजन रस्त्याच्या बाजूने होता. घरातल्या घरात एकमेकांच्या विरोधात हात वर व्हायला नकोत, म्हणून कोंडाजीच उभे राहून म्हणाले होते, "मतं कशाला? आईला कौल लावू. तिचा शब्द शेवटचा." या राईतली वाळकी काटकी उचलायलाही वाघजाईने आजवर कधी हो म्हटलं नव्हतं. त्या भरवशावरच ते बोलले होते.

रिसॉर्टवाल्यांचा माणूस पियूष, तोही गांगरला होता. बूट राईच्या बांधाबाहेर काढून तो अनवाणी उभा होता. नकार मिळाल्यावर काय बोलायचं, तेवढंच त्याने ठरवून आणलं होतं.

"मग... सोमवारी मशीन आणू ना?"

सगळ्यांच्या नजरा कोंडाजींकडे वळल्या.

"तुमीच म्हणला व्हता, तात्या," निरंजन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

"पुन्यांदा लावा," मागून एक आवाज आला.

"आईला दोनदा इचारत न्हाईत." गुरवाने पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

बायका दगडी बांधाशी उभ्या होत्या. त्यांच्यातून रंभाबाई पुढे आल्या. कोंडाजींच्या थोरल्या भावजय, निरंजनची आई. त्या थेट देवीसमोर येऊन थांबल्या, पण बोलल्या कोंडाजींशी.

"भावजी, झाडं गेली की राईखालचा झरा आटंल. मग उन्हाळ्यात हंडे घेऊन कुटं जायचं आमी?"

"वहिनी, कौल झालाय."

"हिचा झाला. आमचा ऱ्हायलाय." त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "हिला इचारलंत. आमाला कुनी इचारलं?"

"आये, देवीच्या म्होरं काय बोलतीस!" निरंजनचा चेहरा उतरला.

"तिच्याच म्होरं बोलतीया. माघारी न्हाई." रंभाबाईंनी लेकाकडे पाहत उजवा हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "रस्ता न्हाई पायजे."

गुरवाने डोळे मिटून घेतले. कोंडाजींचे हात अजून देवीपुढे जोडलेले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी राईतलं लाकूड मागायला दारी आलेल्या प्रत्येकाला 'आई न्हाई म्हणती' एवढंच सांगितलं होतं. स्वतः नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आणि आता म्हणायचं, तर ते आईच्या शब्दाविरुद्ध.

त्यांनी जोडलेले हात सोडले. एक वर गेला.

मागे आणखी कुणाचा हात उठला का, हे बघायला मान वळवायचा त्यांना धीर झाला नाही.