हॅल्डेनची पितळी पाटी

लॉरीखालून यशराजचे फक्त बूट दिसत होते. गडमुडशिंगीच्या त्या गोठ्यात एवढे महागाचे बूट याआधी कधी आले नव्हते, त्यामुळं म्हैस रवंथ थांबवून त्यांच्याकडं बघत होती. वर केबिनमध्ये खुडूक कोंबडी बसली होती. जागा तिची होती, आणि पाहुण्यानं आता निघावं हे ती मोठ्यानं सांगत होती.

यशराज बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत कडबा होता आणि चेहऱ्यावर ब्रह्मानंद. ही साधी लॉरी नव्हती. ही हॅल्डेन होती. विलायतेतला तो कारखाना कधीच बुडाला होता, आणि त्याची एखादी लॉरी जगात कुठं उरली असेल असं कुणालाच वाटत नव्हतं. गोठ्याचा मालक बाळासो, त्याच्या आजोबांनी ती दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतली, तिच्यातून वर्षानुवर्षं शाहूपुरीच्या बाजारात गुळाचे रवे नेले, आणि ती थकल्यावर गोठ्यात आणून उभी केली. तेव्हापासून ती कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडत होती. निवृत्तीनंतर एवढं काम आपल्याकडं फार थोडे करतात.

यशराजला ही लॉरी खरी ठरायलाच हवी होती. ताराबाई पार्कात राहून वडिलांच्या जिवावर जुन्या गाड्यांचा नाद करणारा हा माणूस गेल्या वर्षी क्लबाच्या स्टेजवर चढून एका जीपला अमेरिकन म्हणून बसला होता. ती निघाली शिरोलीच्या एका शेडमध्ये तुकडे जोडून केलेली. तेव्हापासून क्लबात कुणीही भेटलं की विचारायचं, अमेरिकेहून कधी आलात? कोल्हापूर एकदा माणसाची टर उडवायला लागलं की त्याच्या नातवापर्यंत थांबत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून या वेळी तो शहाणा झाला होता. त्यानं आधी विलायतेतला एक जाणकार साहेब गाठला आणि बाळासोकडून फोनवर मागवलेले ढीगभर फोटो त्याला पाठवले. साहेबाचं उत्तर कोरडं होतं. पत्रा काय, कुणाचाही कुणाला बसतो. कारखान्याच्या पितळी पाटीवर नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो दाखवा, म्हणजे मी जगाला कळवतो. नाहीतर ते भंगार. एवढा शहाणपणा केल्यावर यशराजनं लगेच क्लबाच्या ग्रुपवर ‘कोल्हापुरात हॅल्डेन सापडली’ असं टाकलं, आणि केलेला शहाणपणा पाण्यात घातला.

आता पाटी तेवढी हवी होती. स्टिअरिंगसमोर तिची चार भोकं होती, पाटी नव्हती. चासीवरचा आकडा गंजानं खाल्ला होता. इंजिन फार पूर्वी विहिरीवर पाणी ओढायला गेलं होतं आणि तिथंच मेलं होतं. यशराजनं फारशी आशा न ठेवता बाळासोला पाटीचं विचारलं.

“पितळंची व्हय? देव्हाऱ्यात हाय की ती,” बाळासो म्हणाला.

लॉरी बंद पडली तेव्हा आजोबांनीच पाटी काढून घरात आणली होती. जिनं घर पोसलं तिचं नाव शेणात पडू नये, म्हणून त्यांनी ती जोतिबाच्या टाकाशेजारी ठेवली. बाळासोची आई चिमणाबाई रोज तिची पूजा करायची. दसऱ्याला तर पाटीला पुरणाचा नैवेद्य असायचा.

यशराजच्या डोळ्यांत पाणी आलं. येताना वाटेत तो ज्यांना मनात अडाणी म्हणत होता, ते एका क्षणात वारशाचे राखणदार झाले. इतर ठिकाणी अशा पाट्या मोडीत जातात, इथं श्रद्धेनं ती वाचवली, यावर त्यानं गोठ्यातच छोटंसं भाषण केलं. परंपरा म्हणजे काय ते क्लबातल्या लोकांनी इथं येऊन शिकावं, असंही तो म्हणाला. म्हशीनं शेपटी हलवली.

पण देव पारोशा हातानं शिवायचा नसतो. यशराजला बूट, चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागलं. हौदाच्या गार पाण्यानं अंघोळ झाली. मग बाळासोचा पंचा गुंडाळून, एका हातात फोन धरून तो देव्हाऱ्यापुढं बसला. पडद्यावर साहेब हजर होता. पंच्यातल्या संशोधकाकडं बघून त्यानं सभ्यपणे नजर वळवली.

चिमणाबाईनं जास्वंदीची फुलं बाजूला केली, हळदकुंकू पुसलं आणि पाटी यशराजच्या हातात दिली. ती अशी चकाकली की डोळे दिपले. चारी कोपऱ्यांत चार भोकं होती. माप बरोबर होतं. यशराजनं ती उलटी केली, सुलटी केली, दारातल्या उजेडाकडं धरली. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत होत्या. नाव नव्हतं, नंबर नव्हता. ओल्या केसांचं त्याचं स्वतःचं तोंड मात्र स्वच्छ दिसत होतं.

साहेबानं फोनमधून दोनदा नंबर विचारला. यशराज पाटी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा उलटसुलट करू लागला.

पाहुण्याची नजर पाटीवरून हटत नाही हे बघून चिमणाबाईला भरून आलं. उभ्या जन्मात तिच्या कष्टाची अशी कदर कुणी केली नव्हती.

“मी नांदाय आलो तवा असं नव्हतं बाबा,” ती म्हणाली. “लई कायबाय खरडल्यालं हुतं त्येच्यावर. रोज चिंच आन् विटकर लावून घासलं, तवा कुठं देव निर्मळ झाला.”